ब्रूजमधला बुधवार

“तीनशे सहासष्ट?” मनूनं कागदावरचं बोट उचललं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. “मास्तरीण, माझं गुडघं तुला म्हाईत हायती न्हवं?”

“चढलंच पाहिजे असं कुठं आहे? मनोरा खालूनही दिसतो.”

“खालनं तर मी गावची पाण्याची टाकी बी रोज बघते. त्येच्यासाठी इमानात बसू व्हय?” तिनं कागद परत पुढ्यात ओढला. “किती वेळ दिलायस चढायला?”

“पाऊण तास.”

“दीड कर. पन्नास पन्नास पायऱ्यांवर बसंन. मागनं येणारी गोरी माणसं थांबतील की. म्हातारी हाय म्हणून सांगायचं.”

“कुठल्या भाषेत?”

“त्येला काय भाषा लागती?” असं म्हणून तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, कण्हली आणि असं काही तोंड केलं की तिची नात अंकिता हसत हसत खाटेवर आडवी झाली.

मी ‘पाऊण’ खोडून ‘दीड’ लिहिलं. त्यामुळं खालचं सगळं पुढं सरकलं आणि कालव्यातली होडी कागदाबाहेर पडली. मनूला तिचं दुःख नव्हतं. “पाणीच बघायचं तर कृष्णा हाय की दारात,” ती म्हणाली.

हे माझ्या वाईच्या घरी चाललं होतं, फेब्रुवारीत. मनू ज्या दूध संघाची संचालिका आहे, त्या संघाचा युरोपचा अभ्यास दौरा एप्रिलमध्ये निघणार होता. एकूण नऊ दिवस. त्यात हॉलंड आणि बेल्जियममधले गोठे, डेअऱ्या, चीजचे कारखाने. आणि शेवटून दुसरा दिवस, बुधवार, मोकळा. त्या दिवशी बस सगळ्यांना ब्रूज नावाच्या जुन्या शहराच्या वेशीवर सकाळी साडेनऊला सोडणार आणि संध्याकाळी सहाला परत घेणार. मधले साडेआठ तास ज्याचे त्याचे.

एकाहत्तर वर्षांत मनूच्या वाट्याला असे साडेआठ तास पहिल्यांदाच येत होते. त्यातलं एक मिनिटही वाया जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. युरोपचा नकाशा मला डोळे मिटून काढता येतो. पण मी स्वतः एकदा दिल्लीला गेले तेवढीच. मनू आणि मी एका वर्गात होतो. ती मेणवलीची. तीन किलोमीटर चालत शाळेत यायची आणि माझ्याआधी येऊन बसलेली असायची. गुरुजी भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवायच्या आत ती नदीचं नाव सांगायची. कोयनेचा भूकंप झाला त्या डिसेंबरात आमच्या वर्गाच्या भिंतीला तडा गेला आणि काही दिवस शाळा भरली नाही. शाळा परत भरली तेव्हा मनूच्या जागी कुणी नव्हतं. घरच्यांनी म्हटलं, आता कशाला पाठवायची? वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा सयाजीराव पलटणीत. उसाची शेती, चार म्हशी आणि सासू, हे सगळं मनूनं बघायचं आणि त्यांनी वर्षातून दोन महिने येऊन ते नीट चाललंय का ते बघायचं.

दूध तिनं हाताळलं पन्नास वर्षं. गावात बायकांचं दूध संकलन केंद्र तिनं सुरू केलं. बोट बुडवून दुधात पाणी किती ते ती सांगायची आणि मशीन नंतर तेच सांगायचं. पण ती संचालिका झाली ती त्यामुळं नाही. बारा वर्षांपूर्वी संघात महिलांची जागा राखीव होती आणि सयाजीरावांना मंडळात बसायचं होतं. अर्जावर तिचं नाव, पत्रकावर तिचा फोटो, गुलाल तिच्या कपाळाला. मीटिंगला सयाजीराव. ते गेल्यावर गेली सहा वर्षं मुलगा जयराज. टेबलावर पाटी मनूच्या नावाची आणि खुर्चीत तो. आमच्याकडं याचं कुणाला नवल वाटत नाही. मीटिंग झाली की संघाचा शिपाई तानाजी मोटारसायकलवरून वही घेऊन घरी यायचा. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारलेली असायची. मनू हात पुसून सही करायची.

“वाचून बघत नाहीस?” मी एकदा विचारलं होतं.

“एकदा वाचाय बसले. जयराज म्हणला, आई, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय? मग काय वाचायचं?”

अशी ही मनू युरोपला निघाली ती एका भानगडीमुळं. मागच्या दौऱ्यात संचालकांच्या जागी जावई आणि पुतणेच जास्त होते. ते पेपरात आलं, सभेत आरडाओरडा झाला. म्हणून या वेळी नियम निघाला: ज्याचं नाव, त्यानंच जायचं. जयराजनंच येऊन सांगितलं. “आई, नशीब काढलंस बघ,” म्हणाला, आणि गावात पेढे वाटले. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा शेजारच्या बयाबाईला वाटलं, जयराजनं काही केलं. ती परसातून धावत आली. मनू म्हणाली, “आगं, ह्यो माझ्यासाठी आलाय. मी पळून चाललेय.”

तर त्या दुपारी आम्ही दिवस आखत होतो. अंकिता मोबाइलवर शोधायची, मी लिहायचे, मनू खोडायला लावायची.

“घंटा बुधवारी अकराला वाजतात,” अंकिता म्हणाली. “सत्तेचाळीस हायत. एक माणूस वर बसून वाजवतो, पेटीसारख्या.”

“सत्तेचाळीस!” मनू माझ्याकडं वळली. “आपल्या मेणवलीला एकच व्हती, तरी आपुन केवढ्या धावत जायचो.”

मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा वसईच्या स्वारीत आणलेली, मूळची फिरंग्यांच्या चर्चमधली. लहानपणी आम्ही तिच्याखाली उभ्या राहून खडा मारायचो आणि कान लावून तिचा सूर संपेपर्यंत श्वास रोखायचो. मनूचा श्वास जास्त वेळ टिकायचा.

“म्हंजी अकराला मी वर पायजे,” मनू म्हणाली. “लिव्ह, धा ते साडेअकरा मनोरा. आन् ह्ये काय लिवलंयस पुढं? बायकांची वस्ती?”

मी सांगितलं. आठशे वर्षांपूर्वीची जागा. ज्यांचा नवरा गेला, ज्यांचं लग्न झालं नाही किंवा ज्यांना करायचंच नव्हतं, अशा बायका तिथं राहायच्या. त्या जोगिणी नव्हत्या. जन्माची शपथ नाही, मनात आलं तर सोडून जाता यायचं. लोकर धुवायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या, आपलं आपण खायच्या. मधे उंच झाडं, भोवती पांढरी घरं, आत जायला पूल आणि दरवाजा. कारभार बघायला आपल्यातलीच एक बाई निवडायच्या, असं पुस्तकात आहे.

“निवडून?”

“हो.”

“आन् मग मीटिंगला कोण बसायचं?”

अंकितानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. मी म्हटलं, “तीच बसत असणार.”

मनूनं चष्मा काढून पदरानं पुसला. खिडकीतून घाटावर कुणी कपडे आपटत होतं त्याचा आवाज येत राहिला. मग तिनं विचारलं, “ह्येला किती वेळ धरलायस?”

“अर्धा तास.”

“लय कमी हाय. दोन ते तीन काय लिवलंस?”

“जुनं इस्पितळ. फार प्रसिद्ध चित्रं आहेत तिथं.”

“खोड. ह्यांच्या दुखण्यात दोन म्हैनं इस्पितळातच व्हते मी. चित्रं ऱ्हाऊ देत. तितं लिव्ह, बसनं.”

“कुठं बसणं?”

“त्या बायकांच्या झाडाखाली. नुसतं बसनं. एक तास. कुणी हाक मारायची न्हाई, चहा मागायचा न्हाई, चावी कुठं ठेवली म्हणून इचारायचं न्हाई.”

मी दोन ते तीन लिहीत होते तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. तानाजी घामाघूम होऊन आत आला. “मनुताई हितं हायती म्हणून कळलं. जयराजदादांनी धाडलंय. व्हिसाची कागदं. आजच पुण्याला जायला पायजेत, एजंट थांबलाय.”

“पाणी तरी पी,” मनू म्हणाली.

“नको ताई, आधी सह्या करा.”

त्यानं आठ-दहा कागद पलंगावर पसरले. प्रत्येकावर पेन्सिलची फुली. मी माझं शाईचं पेन दिलं. पंख्यानं कागद उडत होते म्हणून कोपऱ्यावर हात ठेवून दाबून धरले. मनूनं एकामागून एक सह्या केल्या. सही करता करताच मला म्हणाली, “बसनं लिवलंस न्हवं? एक तास?”

“लिहिलं,” मी म्हटलं.

तानाजी गेला. आम्ही तीन वाजताच्या रकान्यात गेलो.

त्यानंतर मनू दर बाजारच्या दिवशी यायची आणि घाटाच्या पायऱ्या चढायची. अंकितानं तिला पांढरे बूट आणून दिले होते. नऊवारी नेसून, खाली बूट घालून ती पाण्यापासून वर आणि वरून पाण्यापर्यंत जायची. मी वर बसून मोजायचे. पहिल्या दिवशी साठ झाल्या आणि ती बसली. तिसऱ्या आठवड्यात दीडशे. पूजा सांगायला बसलेले गुरुजी विचारायचे, “काय नवस बोललाय का?” ती म्हणायची, “व्हय. परदेशातल्या देवाला.” मार्चच्या मध्याला ती तीनशे सहासष्ट चढली. शेवटच्या पायरीवर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि बोलवत नव्हतं. तिनं फक्त माझ्या हातातल्या वहीकडं बोट केलं. लिव्ह, म्हणून.

त्या दिवशी मी तिला एक सांगितलं नाही. मला ते शहर तिच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ती परत आल्यावर तिला समोर बसवून दर तासाचं विचारायचं होतं.

मार्च संपत आला. अंकिता म्हणाली, “आजी, व्हिसाला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यायला लागतात. बाकीचे सगळे देऊन आले म्हणे. तुला कसं बोलावलं नाही अजून?” जयराजला विचारलं तर तो म्हणाला, बघू, आजकाल बरंच ऑनलाइन होतं. दोन दिवसांनी परत तेच. मनू माझ्याकडं आली. “चल,” म्हणाली, “हापिसात जाऊन इचारू.”

बारा वर्षांत ती संघाच्या ऑफिसात पहिल्यांदा गेली. रखवालदारानं अडवलं. “कुणाकडं जायचंय मावशी? पशुखाद्याची खिडकी तिकडं हाय.”

“मी संचालक हाय,” मनू म्हणाली.

तो हसला. मग त्याचं लक्ष आतल्या भिंतीकडं गेलं. तिथं संचालक मंडळाचे फोटो ओळीनं लावले होते. खालच्या ओळीत शेवटून दुसरा मनूचा. तो बिचारा उठून उभा राहिला.

व्यवस्थापक उदयसिंह चाळिशीचा, सभ्य माणूस. “या काकी, या. चहा सांगतो.”

“च्या नको. पुण्याला बोटं द्याय कवा जायचं, तेवढं सांग.”

त्यानं आधी मनूकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग टेबलावरच्या काचेकडं. “जयराजदादा काही बोलले न्हाईत?”

“काय बोलायचं हाय?”

त्यानं उठून दार लावलं. कपाटातून फाइल काढली, एक कागद वर आणला आणि मनूसमोर न ठेवता माझ्यासमोर ठेवला. मी वाचला. मला संधिवात व रक्तदाबाचा त्रास असल्याने परदेश प्रवास झेपणार नाही. तरी नियमातील आजारपणाच्या सवलतीनुसार माझ्याऐवजी माझा मुलगा जयराज यास दौऱ्यावर पाठवण्यास माझी संमती आहे. खाली मनूची सही होती. ती निळी-काळी शाई मी ओळखली. संघात सगळे बॉलपेन वापरतात.

मी चौतीस वर्षं मुलांना सांगत आले: आधी प्रश्न पुरा वाचा, मग लिहा. आणि त्या दुपारी माझा पंजा या कागदाच्या कोपऱ्यावर होता.

“मोठ्यानं वाच,” मनू म्हणाली.

मी वाचलं. ती ऐकत असताना तिचा हात आपोआप गुडघ्याकडं गेला आणि तिनं तो परत उचलून घेतला.

“काकी, सही तुमचीच हाय न्हवं?” उदयसिंहनं विचारलं. मग तो खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, “हे बघा, तुम्ही म्हणत असाल की ही फसवून घेतली, तर तसं लेखी द्या. मी घेतो. तुमची जागा तुम्हाला परत मिळंल. पण मग चौकशी लागंल. आणि एका सहीची चौकशी लागली की मागच्या बारा वर्षांच्या वह्या निघतील. कोण बसलं, कुणी सही केली. जयराजदादांवर येईल ते. तुमच्यावर बी. मी भीती घालत न्हाई, काकी. जे हाय ते सांगतो.”

मी म्हटलं, “मनू, लिहून दे. मी लिहिते, तू वाच आणि सही कर.”

मनूनं कागद आपल्याकडं ओढला. स्वतः वाचला, पहिल्या ओळीपासून खाली तारखेपर्यंत. बोट ठेवून, शाळेत वाचायची तसा. मग तो उलटा करून मागं काही आहे का तेही पाहिलं. मागं कोरं होतं.

“सही माझीच हाय,” ती म्हणाली. “मीच केलीया.”

बाहेर आल्यावर एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो. दुधाचे टँकर जात होते. मी म्हटलं, “मनू, मी ते कागद दाबून धरले होते गं.”

“व्हय,” ती म्हणाली. “पंखा लय जोरात व्हता.”

एवढंच. त्यानंतर आजपर्यंत तिनं त्याचा उल्लेख केला नाही. मला एकदा तरी तिनं बोलायला हवं होतं.

जयराज दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. मनू आलेली होतीच. तो वाईट मुलगा नाही. आईच्या औषधाच्या गोळ्या स्वतः मोजून डबीत भरतो. खाली बसला आणि माझ्याकडंच बघून बोलू लागला. “मावशी, तुमीच सांगा. हिला झेपलं असतं का? नऊ दिवस. थंडी. खाणंपिणं. तिकडं डेअरीत सगळं इंग्रजीत बोलणार. मी सहा वर्षं मीटिंगला बसतोय, मला त्यातलं कळतं. तिथं जाऊन ही काय करणार, सांगा? नुसती बसणार.”

“व्हय,” मनू म्हणाली. “नुसती बसणार व्हते.”

“तेच म्हणतोय मी, आई.”

“मला इचारायचं तरी व्हतंस रं.”

“इचारलं असतं तर तू रुसली असतीस.”

“न्हाई,” मनू म्हणाली. “इचारलं असतंस तर मी व्हय म्हणले असते. आजपातूर कवा न्हाई म्हणलंय?”

जयराजचा चेहरा मोकळा झाला. त्याला खरोखर हायसं वाटलं. “मग झालं की! उगं मी घाबरत बसलो.” तो उठला आणि दाराशी जाऊन परत वळला. “मावशी, ते तुमी ब्रूजचं टाइमटेबल केलंय म्हणं? अंकी सांगत होती. द्या की. मी सगळं फिरून फोटो पाठवतो. आईनं बघितल्यासारखंच होईल.”

मी जागची हलले नाही. शेवटी मनूच उठली, माझ्या टेबलाच्या खणातून कागद काढला, नीट चार घड्या घातल्या आणि त्याच्या हातात दिला. “अकराला वर पायजेस,” तिनं सांगितलं. “आधी चढाय लाग. आन् दोन वाजता त्या बायकांच्यात जा.”

“जातो की,” तो म्हणाला.

त्या बुधवारी मी सकाळीच मनूच्या गावी गेले. जायचं ठरलं नव्हतं, पण घरी राहवेना. आपल्याकडं अडीच वाजतात तेव्हा तिथं अकरा. अंकिता कॉलेजला गेली नव्हती. तीही बापाशी धड बोलत नव्हती, पण मोबाइल घेऊन आमच्यात बसली होती. मनू शेंगा फोडत होती. दीडच्या सुमाराला पहिला फोटो आला: चॉकलेटचं दुकान. मग दुसरं चॉकलेटचं दुकान. मग एक फोटो आला आणि आम्ही बघायच्या आत त्यानं तो काढून टाकला. अंकिता म्हणाली, “बिअर असणार.” अडीच वाजता काही आलं नाही. पावणेतीनला सगळे संचालक मनोऱ्यासमोर चौकात उभे, गॉगल लावून, बोटांनी विजयाची खूण करत. मनोरा अर्धाच आला होता.

“घंटा?” मनूनं विचारलं.

अंकितानं तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं: आवाज येतोय पण गर्दी खूप.

मनूनं शेंगांची पाटी बाजूला केली. “त्येला सांग, फोन लावून ऐकव म्हणावं. फोन धर म्हणावं वर.” अंकितानं लिहिलं. ते वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. साडेतीन वाजले, म्हणजे तिथं बारा. घंटाही थांबल्या असणार.

संध्याकाळी सहाला अंकितानं परत विचारलं, बायकांची वस्ती बघितली का. जयराजनं लिहिलं: वेळ नाही मिळणार, सगळ्यांना शॉपिंग करायचंय, गाइड म्हणाला तिथं नुसती झाडं आहेत.

अंकितानं ते वाचून दाखवलं. मनू म्हणाली, “झाडं हायती म्हणजे हायती तर.” आणि म्हशींकडं गेली. धार काढताना ती नेहमी म्हशीशी बोलते. त्या दिवशी गोठ्यातून फक्त चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आला.

मेच्या एक तारखेला गावात कार्यक्रम ठेवला. ग्रामपंचायतीसमोर मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. फ्लेक्सवर जयराजचा विमानतळावरचा उभा फोटो आणि कोपऱ्यात मनूचा, भिंतीवरच्या फोटोवरूनच घेतलेला. पण सत्कार कुणाचा? नियमानं दौरा संचालकाचा आणि संचालिका मनू. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: युरोप अभ्यास दौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल संचालिका मनुबाई यांचा जाहीर सत्कार. लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला, खाली उभं राहून वाचणाऱ्याला, कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं.

जयराजनं वीस मिनिटं भाषण केलं. तिथली गाय किती दूध देते, गोठ्यात यंत्रं कशी फिरतात. चांगलं बोलला. नंतर मनूला वर बोलावलं. शाल घातली, हातात नारळ दिला. सूत्रसंचालन करणारा तरुण माइक तिच्यासमोर धरून म्हणाला, “आता आपल्या लाडक्या संचालिका दौऱ्याबद्दल दोन शब्द सांगतील.”

मी बायकांत दुसऱ्या ओळीत होते. मनूनं माइककडं असं पाहिलं की जणू तो आता बोलणार आहे आणि तिला ऐकायचंय.

“मी गेले न्हवते,” ती म्हणाली.

पुढच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.

“मी आजारी बी न्हवते. तीनशे सहासष्ट पायऱ्या चढत व्हते मी. वाईला, घाटावर. मास्तरीणबाईंनी मोजल्यात.” तिनं माझ्या दिशेनं पाहिलं. “मी गेले न्हाई, ह्यो गेला. म्हणून ह्यो नारळ माझा न्हाई. ज्यो गेला त्येचा.”

तिनं वळून नारळ जयराजपुढं धरला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. निदान एक बाई तरी. जयराजनं दोन्ही हातांनी नारळ घेतला, आणि काय करावं ते न सुचून वाकून तिच्या पाया पडला.

तेवढ्यानं मांडव उठला. टाळ्या सुरू झाल्या, मागं पोरांनी शिट्ट्या मारल्या. सूत्रसंचालकाचा आवाज भरून आला होता. “बघा मंडळी! याला म्हणतात आई! आपल्या वाट्याचा दौरा लेकाला दिला, आपला मान लेकाला दिला! जोरदार टाळ्या!” माझ्या शेजारी बयाबाई पदरानं डोळे पुसत होती. “आईचं काळीज गं बाई,” ती मला म्हणाली.

मनू तिथंच उभी होती. टाळ्या कमी होईनात. खालून फोटोग्राफर ओरडला, “दादा, ताई, एक मिनिट! मगाशी मधे माइक आला. नारळ परत एकदा द्या. हिकडं बघून.”

जयराजनं नारळ मनूच्या हातात परत दिला. ती फोटोग्राफरनं सांगितल्याप्रमाणं जरा उजवीकडं सरकली, शाल सारखी केली आणि नारळ पुढं केला. जयराजनं खाली हात धरले. फ्लॅश पडला. एकदा, दोनदा.

“झालं, ताई,” फोटोग्राफर म्हणाला. मग परत म्हणाला, “ताई, झाला फोटो. सोडा आता नारळ.”